अंथुर्ण्याचे लंगडे बैल

"चांगलं म्हंजी काय? आं? चांगलं म्हंजी काय, सांग की!"

तात्या ओसरीवर उभे राहून ओरडत होते. समोर घोंगडीवर माझे मामा बसले होते, आणि तात्यांच्या आवाजाच्या दणक्याने मामांच्या कपातला चहा आपोआप बशीत उतरत होता. मामांनी तो ओतायचे कष्ट घेतले नाहीत. पेठेतून जाणाऱ्या टांग्याचा घोडा आमच्या दारात थबकला, त्याने कान टवकारले, आणि हे आपल्यालाच चाललंय असं समजून बिचाऱ्याने मान खाली घातली.

"अवो तात्या, चांगलं म्हंजी चांगलं," मामा म्हणाले. "अंथुर्ण्यात धा-पंधरा मानसांना इचारलं. येकानं न्हाय वाकडा शब्द काढला. म्हनली, घर चांगलं, पोरगं चांगलं, डोळं झाकून पोरगी द्या."

"डोळं झाकूनच दीत हाईस की! बरं, त्यातल्या येकानं जर 'वंगाळ' म्हनलं असतं, तर त्याचं काय झालं असतं?"

"काय हुनार?"

"माज्या तोंडाकडं बघू नगंस. पोराच्या बापाचं अंथुर्ण्यात काय हाय?"

"गुऱ्हाळ हाय."

"गावात दुसरं गुऱ्हाळ हाय का?"

"न्हाय."

"म्हंजी समद्या गावाचा ऊस त्याच्याच चरकात जातो. ज्यानं वाकडा शब्द काढला त्याची पाळी त्यो शेवटी लावंल, तवर उसाचं चिपाड हुईल. मंग गाव चांगलं म्हननार न्हाय तर काय म्हननार? घर चांगलं असलं तरी 'चांगलं' म्हननार, आनि घरात सुना भाजून खात असली तरी 'चांगलं'च म्हननार! दोनी बारीला त्योच शबुद! मंग त्या शबुदातनं तुला कळलं काय? माती?"

आतल्या दाराआड माझी बहीण शकू ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज बंद झाला. लग्न तिचं होतं.

आमचे वडील लवकर गेले. मी बारामतीच्या शाळेत मास्तर झालो तेव्हा आई आणि शकू यांना घेऊन तात्यांच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. घरातलं मोठं माणूस म्हणजे कन्हेरीचे मामा, आणि लग्नकार्यात शेवटचा शब्द त्यांचा. मामा वाईट नव्हते. पाटाच्या पाण्यावर भाजीपाला करायचे. बाजारात वांगं घ्यायचं झालं तर ते उलटंपालटं करायचे, देठ बघायचे, नखाने टोचायचे, कानाशी धरून आतली कीड ऐकू येते का तेही बघायचे. भाचीचं लग्न ठरवताना मात्र पंधरा जणांनी "चांगलं" म्हटलं आणि त्यांची खात्री पटली. वांग्याइतकी तरी चौकशी करा की! आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझं डोकं तापतं, तर तात्यांचं तेव्हा काय झालं असेल?

तात्यांचं डोकं मुळात थंड असल्याचं कुणी पाहिलेलंच नव्हतं. तात्या बारामतीत "अरे" म्हणाले की कन्हेरीत म्हशी पान्हा चोरायच्या, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसणाऱ्यांनी तात्यांना ऐकलेलं नाही. उंची बेताची, अंग काटक्यांचं, डोक्याला मुंडासं, आणि त्या मुंडाशाखाली कुणीतरी कायम चूल पेटवून ठेवलेली. जन्मभर ते कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन सायकलवरून बारामती-इंदापूर मुलूख त्यांनी पालथा घातलेला. "मालक घरी न्हायती" हे वाक्य त्यांनी इतक्या दारांत ऐकलं होतं, की झोपेतही कुणी ते म्हटलं तर ते उठून बसायचे. पुष्कळदा ज्याच्या नावाचं समन्स असायचं, तोच दारात उभा राहून सांगायचा, "त्ये परगावी गेल्यात."

त्या नोकरीतून तात्यांनी पेन्शन आणली आणि एक सिद्धांत आणला. सिद्धांत असा, की जे सांगायला माणसाला काही खर्च येत नाही, त्या सांगण्यात काही नसतं. पेन्शन त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही. सिद्धांत मात्र गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ होता.

"काय तात्या, बरं हाय का?" असं कुणी वाटेत सहज विचारलं, की तात्या त्याची बाही धरायचे. "न्हाय म्हनलं, तर थांबशील का? डाक्टर बोलावशील? न्हाय ना? मंग माजं उत्तर घिऊन करनार काय? जा आपल्या वाटंनं!" माणूस जायचा तो पुढचे सहा महिने दुसऱ्या गल्लीने जायचा.

बाजारात पेरू विकायला कन्हेरीची एक म्हातारी बसायची. लोक विचारायचे, "गोड हायत का गं?" ती म्हणायची, "साखर हाय साखर." तात्या तिच्यासमोर जाऊन बसले. "नातवाला कंच्या टोपलीतला नेतीस?" म्हातारीचा हात नकळत फडक्याने झाकलेल्या टोपलीवर गेला. तात्यांनी त्याच टोपलीतले पेरू घेतले आणि ते खाऊन आमच्या अख्ख्या आळीने बोटं चाटली. पुढच्या बाजाराला म्हातारीने फडकं आंबट टोपलीवर घातलं. तात्यांनी पेरू चावला, एक डोळा मिटला, आणि घरी आले ते बेहद्द खुशीत. "म्हातारी शिकली, मास्तर! आता हात बघून भागायचं न्हाय. आता तिला म्होरं बसवून खायाला लावनार!"

लग्नाची स्थळं बघणारी माणसं तात्यांकडे चौकशीला यायची ती यामुळेच. कुणाचं घर कसं, पोरगा कसा, हे तात्या शोधून आणायचे. पैशाला हात लावायचे नाहीत, पण त्यांचा दर होता आणि तो ऐकून चांगले चांगले उठून जायचे.

"'असंल बाबा बरं' येवढंच पायजे आसंल तर फुकाट घिऊन जा. 'भौतेक बरं हाय' येवढं पायजे, तर च्या पाज. 'माज्या मतानं बरं हाय' म्हनाय लावायचं, तर येक दिस सायकल मारावी लागंल, जेवाय घाल. आनि पक्कं पायजे? पक्क्याला गाडी लागंल, आठ दिसांच्या भाकरी लागतील, आनि तवर सुपारी फोडायची न्हाय. पाव्हणं रुसलं तर रुसू द्यायचं."

"पण तात्या," एकदा मी म्हटलं, "चहा आणि आठ दिवसांची गाडी, यात फारच अंतर झालं."

"आरं मास्तर, निम्म्यापातूर कुनीबी जातो. निम्म्याच्या फुडं गाडी चढाला लागती. जितकं शेंड्याला जाशील तितकं येका येका इताला बैलाच्या तोंडाला फेस येतो. लोकांना बसायचं शेंड्यावर, आनि द्यायचा च्या!"

आणि त्यांची दुसरी अट याहून कडक होती. चौकशीला आलेल्या माणसाला ते आधीच विचारायचे, "वंगाळ निघालं तर मोडशील का?" तो जरा घुटमळला, की उठून दाराकडे बोट. "मोडनार न्हाईस तर इचारतूस कशाला? माझं पाय काय फुकाट आल्यात?"

या वेडापायी त्यांनी घरचीही माणसं गमावली. त्यांच्या सख्ख्या पुतण्याला मुलगी द्यायला लोक आले. त्यांनी रीतीप्रमाणे चुलत्याला विचारलं, मुलगा कसा आहे? कुठलाही चुलता म्हणाला असता, सोनं आहे. तात्या म्हणाले, "मला ठावं न्हाय. दोन वरसं झाली, त्यो माज्याकडं फिरकला न्हाय. आठ दिस थांबा, बघून सांगतो." लोक चप्पल घालून गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून भाऊ बोलत नाही, भावजय बोलत नाही, पुतण्या तर तात्या दिसले की सायकलची घंटा वाजवत सुटतो. तात्यांना त्याचं वाईट वाटायचं का? वाटत असावं. दिवाळीत ते एकटे ओसरीवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर जरा जास्तच ओरडायचे.

त्यांची चौकशीची रीतही जगावेगळी. एकदा सणसरच्या एका घराची चौकशी आली. सगळा गाव सांगत होता, म्हातारा खवट आहे, भांडकुदळ आहे, त्याच्या घरात मुलगी देण्यापेक्षा विहिरीत ढकला. तात्यांनी गावात कुणालाही 'माणूस कसा' असं विचारलंच नाही. दारोदार जाऊन एवढंच म्हणाले, "मला अमक्यानं धाडलंय. त्याचा बैल बसलाय. उद्याच्याला तुमचा बैल द्या म्हनला." पहिल्या घरातला माणूस म्हाताऱ्याला शिव्या देत देत उठला, आणि शिव्या देत देतच त्याने बैल सोडला. दुसऱ्याने बैलाबरोबर वैरणही दिली. तिसऱ्याने विचारलं, "येक कशाला, जोडी न्हेता का?"

तात्यांनी येऊन निकाल दिला, "पोरगी द्या. म्हाताऱ्याचं तोंड वंगाळ हाय, घर न्हाय." मुलगी दिली. ती पुढे माहेरी यायची ती दोन शेर जाड होऊन यायची, आणि म्हातारा तिला पोचवायला येऊन आमच्या ओसरीवर तात्यांशी भांडून जायचा.

"मानूस कसा हाय, ह्ये सांगायला जीभ पुरती," तात्या म्हणायचे, "आनि जीभ फुकाट असती. बैल द्यायचा म्हंजी उद्याची नांगरट थांबती. मंग आतडं बोलतं."

तर तो दिवस. मामांचा चहा बशीत, घोडा दारात, आणि तात्यांनी शेवटचा सवाल टाकला, "वंगाळ निघालं तर मोडशील का?"

मामा म्हणाले, "आता कसं मोडायचं? त्ये लोक सुपारीला येनार. आठ दिस थांबा म्हनलं तर म्हनतील, आमच्यावर इश्वास न्हाय. गुऱ्हाळवालं मोठं घर हाय. असं स्थळ पुन्ना मिळंल का?"

"मंग जा! तुला चौकशी नगं हाय. 'चौकशी केली' येवढं म्हनायला पायजे हाय. मी न्हाय इकत त्ये!"

मामा उठून कन्हेरीला गेले. मी दात खात बसलो. मोठ्या माणसाला उलटून बोलायचं नाही, असं ज्याने कुणी ठरवलं त्याला मी मनातल्या मनात चरकात घालून दोनदा पिळून काढलं.

तेवढ्यात शकू बाहेर आली. सातवीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

"तात्या," ती म्हणाली, "वंगाळ निघालं तर मी मोडीन. भाकरी देते. गाडी माझ्याकडं न्हाय."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं, ते तेव्हा. "सायकल हाय की पोरी," ते म्हणाले, आणि मुंडासं आवळून निघाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ते धुळीने असे माखले होते की मुंडासं कुठे संपतं आणि तात्या कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. मामा सुपारीची तयारी घेऊन आलेले. तात्या ओसरीवर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "अंथुर्ण्यातलं समदं बैल लंगडं हायत."

"काय?" मामा म्हणाले.

"गुऱ्हाळवाल्याच्या नावानं बैल मागितला. पयला म्हनला, घर देवमानसाचं, पर माजा बैल लंगडतोय. दुसरा म्हनला, राजामानूस हाय, पर माज्या बैलाच्या खुरात काटा मोडलाय. तिसऱ्याचा बैल म्होरं उड्या मारत हुता. म्हनला, त्यो झटका येऊन उड्या मारतो, पायानं अधूच हाय. आरं, येका रातीत आख्ख्या गावचं बैल लंगडं झालं! येकजन म्हनला, त्येंच्याकडं गेलेलं परत येत न्हाय."

मामा हसले. पोट धरून हसले. "तात्या, आपल्याला बैलाशी सोयरीक करायची न्हाय!"

"का लंगडं, त्ये मला अजून कळलं न्हाय," तात्या म्हणाले. "निम्मं आनलंय. फुडचं आनायला दिस लागतील. थांब."

"बैल लंगडं म्हनून सुपारी मोडू? गावात तोंड दाखवायचं हाय मला! काय वंगाळ हाय त्ये सांगा, मंग बघू."

म्हणजे बघा. "चांगलं" या शब्दासाठी यांना पुरावा नको होता. तो शब्द कुणीही, कुठेही, तंबाखू मळता मळता द्यावा आणि यांनी पदरात घ्यावा. पण "वंगाळ"साठी यांना पंचनामा पाहिजे, सह्या पाहिजेत, आणि तोही उद्याच्या उद्या, चहाच्या भावात! संतापाने माझे कान एवढे तापले की आईने त्यावर पापड भाजले असते.

सुपारीला मंडळी आली. गुऱ्हाळवाले स्वतः, फेटा एवढा मोठा की दारातून आधी फेटा आला आणि जरा वेळाने ते. त्यांची बायको, गळाभर सोनं. नवरा मुलगा आईच्या मागे असा बसला होता की मला पहिल्यांदा ते गाठोडंच वाटलं. थोरला मुलगा आणि त्याची सणसरची बायको मात्र आली नव्हती. तात्या ओसरीच्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसले. मामांनी त्यांना बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. तात्यांनी मुंडाशाचा शेव दातांत धरला होता.

शकूला बोलावलं. नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं, चालून दाखवायला लावलं. मग गुऱ्हाळवाली हसून म्हणाली, "तुला काय इचारायचं का गं बाय? लाजू नगंस." असं म्हणायची पद्धत असते. यावर मुलीने मान खाली घालायची, हीही पद्धत असते.

शकूने मान खाली घातली नाही. "इचारायचं न्हाय, मागायचं हाय," ती म्हणाली. "आमच्याकडं रुखवताच्या कुरडया करायच्या हायत. तुमच्या घरची चव आम्हांला ठावं न्हाय. थोरल्या जाऊबाईंना दोन दिस पाठवा. त्येंचं माहेर सणसर ना? वाटंवरच हाय. येता येता घटकाभर आईला भेटून येतील."

ओसरीवर तात्यांच्या दातांतून मुंडाशाचा शेव सुटला.

गुऱ्हाळवालीचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तिने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे. मग ती म्हणाली, "तिला न्हाय जमायचं. तिचा पाय दुखतोय."

"लंगडी!" तात्या गरजले. माळ्यावरची सांडशी खाली पडली. "ही बी लंगडी! आरं, सून बी लंगडी झाली!"

"कोण ह्यो मानूस?" गुऱ्हाळवाले उठले.

"पाय बरा झाल्यावर पाठवा," शकू म्हणाली. ती जागची हलली नाही. "आम्ही थांबतो."

"थांबतो म्हंजी?" गुऱ्हाळवालीचा तोल गेला. "आमच्यात सुना अशा गावोगाव हिंडत न्हायत! येकदा उंबरा वलांडून आत आली की आली. माहेर आनि फिहेर! तुला यायचं आसंल तर ह्ये ध्यानात ठिवून यायाचं!"

"मग मला यायचं न्हाय," शकू म्हणाली आणि आत गेली.

पुढे जे झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे पुराला ओघळ म्हणणं. गुऱ्हाळवाले ओरडले, मामा हात जोडून त्यांच्यामागे पेठेपर्यंत धावले, मग परत येऊन शकूवर ओरडले, आईवर ओरडले, माझ्यावर ओरडले, आणि तात्यांवर ओरडायला गेले तेव्हा त्यांचा आवाज बसला. "येका कुरडईपायी सोन्यासारखं घर घालवलं," असं ते महिनाभर घोगऱ्या आवाजात सांगत होते.

लग्न मोडलं. आमची चौकशी संपली. पण तात्यांना चैन पडेना. "निम्मं कळलंय. निम्मं पोटात दुखतंय," म्हणत त्यांनी स्वतःच्या पैशाने भाड्याची गाडी जुंपली आणि सणसर गाठलं, त्या थोरल्या सुनेच्या माहेरी. तिथे ते किती दिवस राहिले, काय खाल्लं, कुणाचे पाय धरले ते त्यांनी सांगितलं नाही. आले ते ओरडले नाहीत, आणि मला भीती वाटली.

"लगीन झाल्यापासनं पोरगी माहेरी आली न्हाय," ते म्हणाले. "दर पंचमीला भाऊ गाडी सजवून अंथुर्ण्याला जातो. बैलांच्या शिंगांना गोंडे बांधतो. दारातच त्याला सांगत्यात, झोपलीया, न्हातीया, देवाला गेलीया. त्यो रिकामी गाडी घिऊन परत येतो. मागल्या पंचमीला पडवीतनं तिचा हात दिसला म्हनला. निसता हात. बांगडी न्हवती. आई इचारती, कशी हाय? त्यो सांगतो, चांगली हाय."

मग तात्या मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही, पण ऐकून समोरच्या किराणावाल्याने दुकानाच्या फळ्या लावल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी शाळेतून आलो तर मामा ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. म्हणाले, "इंदापूरचं येक जन येऊन गेलं. डाळिंबाची बाग हाय त्याची. त्याच्या लेकीचं अंथुर्ण्याला गुऱ्हाळवाल्याकडं चाललंय. त्याच पोराशी. आपल्याकडनं मोडलं, त्ये कानावर गेलं हुतं, म्हनून इचाराय आला हुता, घर कसं हाय."

आतून तात्या बाहेर आले. "मंग? तू काय सांगितलंस?"

"काय सांगनार? चांगलं हाय म्हनलं. आमच्या पोरीचाच वाईच हट्ट हुता म्हनलं." मामांनी सुपारी तोंडात टाकली. "कुनाचं मोडून पाप कशाला घ्या?"

मला वाटलं, तात्या आता मामांना उचलून पाटात टाकणार. पण ते एवढंच म्हणाले, "मास्तर, इंदापूरची यष्टी कवा हाय?" आणि अनवाणीच निघाले. मी चपला घेऊन मागे धावलो. सगळ्या वाटेत ते एसटीच्या दांडीला धरून उभे होते. सणसर आलं, अंथुर्णे आलं, ते खिडकीबाहेर बघून दात खात होते, आणि कंडक्टरने त्यांना तिकीट विचारलंच नाही.

इंदापुरात घर शोधायला लागलं नाही. दारात मांडव उभा राहत होता. तो डाळिंबवाला, सरळ, गरीब चेहऱ्याचा माणूस, मांडवाच्या खांबाला सुंभ आवळत होता. तात्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. तिथेच उभे राहून ओरडायला सुरुवात केली. अंथुर्ण्याचे लंगडे बैल, गुऱ्हाळाची पाळी, थोरल्या सुनेचा पाय, पंचमीची रिकामी गाडी, पडवीतला हात, सगळं सांगितलं. मी माझ्या आयुष्यात एवढी पक्की बातमी, एवढ्या महागाची, एवढ्या मोठ्याने दिलेली ऐकली नाही. मांडवावर चढलेले गडी खाली उतरले. आत हळद दळायचं जातं थांबलं.

तो माणूस शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "पर तुमच्या पाव्हण्यांनी तर चांगलं हाय म्हनून सांगितलं."

"त्याला 'चांगलं' म्हनाय काय लागतं? त्याचं काय गेलं? त्याची पोरगी सुटली!" तात्यांचा आवाज चिरकला. "मी सणसरला जाऊन बसलो, माज्या कानांनी ऐकलं! चल माज्यासंगं, आत्ता चल, त्या भावाला इचार! मोडशील का न्हाय?"

"आता मांडव पडलाय, तात्या. पाव्हणंरावळं निघालं."

"मंग इचाराय कशाला आला हुतास? यष्टीत बसून बारामतीपातूर, आमच्या दारात, कशाला आला हुतास?"

त्या माणसाने सुंभाची गाठ ओढून घट्ट केली.

"पोरगी द्यायची तर चौकशी करायची रीत हाय," तो म्हणाला. "म्हनून केली."